बारा फवारे आणि आईचं इरकल

त्या वर्षी मी दोन माणसांवर चोरीचा आळ घेतला. एका बाईवर लुगड्याचा आणि एका दिरावर पाण्याचा. दोन्ही वेळा मोठ्या आवाजात, कारण हळू बोलायची मला सवय नाही. मी आखाड्यावर बोलले की डांबरी रस्त्यावर ऐकू जातं, असं लोक म्हणतात, आणि हे ऐकून मला आजवर बरंच वाटत आलं होतं. माणसानं आपलं म्हणणं तोंडावर सांगावं, पाठीमागं कुजबुजू नये, असं मी स्वतःला समजावत असे. आता तसं समजावत नाही.

आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर. झरी गावाहून आत वळलं की एक ओढा ओलांडून यावं लागतं. मुलगी सासरी गेल्यापासून तिथं मी आणि माझा नवरा दोघंच राहतो. घराच्या तिन्ही बाजूंनी दीड एकराचा तुकडा आहे. हिवाळ्यात त्यात हरभरा असतो, कडेला माझी मेथी, लसूण, चार वांगी, आणि पाण्यासाठी तुषार संच. जमिनीवर पाइप टाकायचे, ठरावीक अंतरावर उभ्या नळ्या बसवायच्या आणि नळ्यांच्या टोकाला फिरते फवारे. आमचे बारा आहेत. पाणी चांगलं असलं की प्रत्येक फवारा टक टक करत फिरतो आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडाशी जाऊन पडतं. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसावं आणि ती टकटक ऐकावी, याहून जास्त सुख मी कधी मागितलेलं नाही.

त्या वर्षी तेच बिघडलं. दत्तजयंती होऊन गेली होती, हरभऱ्याला घाटे धरायला लागले होते, आणि पहिल्या दिवशी टोकाचे दोन फवारे फिरेनात. दोन दिवसांनी चार. आठवड्याभरात बारांपैकी पाच नुसते ओले होऊन जागच्या जागी उभे, आणि बाकीच्यांचं पाणी चार पावलांवर पडायचं. दोन फवाऱ्यांच्या मध्ये कोरडी पट्टी राहायची आणि त्या पट्टीतला हरभरा दुपारी मान टाकायचा.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, पाणी लय कमी यायलंय."

"व्होल्टेज नसंल," हे म्हणाले.

आमच्या ह्यांच्याकडं दोन उत्तरं आहेत. विजेवर चालणाऱ्या वस्तूला व्होल्टेज, आणि बाकी सगळ्याला 'बघू'. तीस वर्षं मी ही दोन उत्तरं ऐकत आले आणि तीस वर्षं माझं डोकं त्याच जागी तापत आलं.

पण खरं सांगायचं तर मी आधीच तापलेली होते, उन्हाळ्यापासून. ते लुगड्याचं प्रकरण आधी सांगते, त्याशिवाय पाण्याचं कळायचं नाही.

आई गेल्यावर तिची दोन लुगडी माझ्या वाट्याला आली. एक नेसून नेसून विरलं. दुसरं इरकल होतं, काळ्या-निळ्या अंगाचं, तांबड्या काठाचं. पदराजवळ काठ उंदरानं कुरतडला होता, तो आईनं रफू केला होता हिरव्या दोऱ्यानं. तांबड्या काठात हिरवा दोरा, कारण तिच्या डब्यात तेव्हा तेवढाच होता. मुलीचं पहिलं बाळंतपण श्रावणात यायचं होतं. त्या लुगड्याची वाकळ शिवून बाळाला द्यायची असं मी ठरवलं. वाकळ म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्यांचे थर लावून बारीक टाक्यांनी शिवलेली. आईनं नेसलेलं कापड तिच्या पणतवंडाच्या अंगावर पडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

गावात वाकळा शिवणारी एक मावशी आहे. पूर्वी ती मुलगा-सुनेबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायची. गुडघे गेल्यापासून तिनं ते सोडलं. दिवाळीनंतर ती दोघं कोयते घेऊन निघायची आणि ही मागं राहून गावाच्या वाकळा शिवायची. टाका असा बारीक की उलटी-सुलटी बाजू ओळखू येऊ नये. वाकळ शिवायला देणं म्हणजे घरातलं गाठोडंच्या गाठोडं दुसऱ्याच्या घरी पाठवणं. तिच्या सुईइतकाच तिच्यावरचा भरवसा लोकांना लागायचा, आणि त्या भरवशावरच तिचं चाललं होतं.

वैशाखात मी गाठोडं बांधलं. खाली माझ्या पाच जुन्या साड्या आणि सगळ्यांत वर आईचं इरकल, म्हणजे ते तिनं वरच्या अंगाला लावावं. गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि मी नात्यातल्या एका लग्नाला पाथरीला गेले, दोन दिवसांसाठी. मागं मावशी येऊन गाठोडं घेऊन गेली. ज्येष्ठात वाकळ शिवून आली. टाके सुरेख होते, पण वर माझीच एक पिवळी साडी होती. मी वाकळ उलटी केली, सुलटी केली, कडेनं उसवून आत बघितलं. इरकल कुठंच नव्हतं.

"मावशी, आईचं लुगडं कुठं हाय?"

"कोनतं, बाई? गाठोड्यात पाच साड्या व्हत्या. पाचीबी लावल्या."

पाच नव्हत्या, सहा नग होते. मी माझ्या हातानं वर ठेवलं होतं, घडी मोडू नये म्हणून दाबूनसुद्धा बघितलं होतं. चार दिवस मी धुमसत काढले. पाचव्या दिवशी दळण घेऊन गिरणीवर गेले तर मावशी तिथं बसलेली. लाइट गेली होती, गिरणी बंद होती, आठ-दहा बाया डबे पुढ्यात घेऊन लाइटीची वाट बघत होत्या. त्या शांततेत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या मेलेल्या आईचं लुगडं पचायचं न्हाई तुला." एरवी मी तिला अहोजाहो करते. त्या दिवशी तोंडातून एकेरीच निघालं.

ती रडली नाही की भांडली नाही. "बाई, मला तुमी ते दिलंच न्हाई," एवढं म्हणाली. मग लाइट आली, गिरणी सुरू झाली आणि पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. पण जेवढं ऐकू गेलं तेवढं पुरलं. नवरात्राच्या आधी आमच्याकडं घरोघरच्या वाकळा धुवायला निघतात आणि फाटलेल्या शिवायला जातात. तिचा खरा हंगाम तो. त्या वर्षी तिच्या दारी एकही गाठोडं गेलं नाही. दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर आला तेव्हा मुलगा-सुनेबरोबर तीही चढली, तसेच गुडघे घेऊन. मला हे कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, "तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली, दुसरं काय." आणि भाकरी तव्यावर टाकली.

तर असा राग पोटात घेऊन मी पाण्याच्या मागं लागले.

पहिल्यांदा फवारे. बाराही नोझल काढून ओट्यावर मांडले आणि बाभळीच्या काट्यानं एकेकाचं भोक साफ केलं. तार घालायची नसते, तारेनं भोक मोठं होतं आणि मग पाणी लांब जात नाही, जागीच सांडतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, एक नोझल वाया घालवून मी शिकले. दोन भोकांत वाळू निघाली, एकात गोगलगायीचं पिल्लू. परत बसवले, मोटर लावली, फरक शून्य.

मग पाइप. पाइपाला पाइप जोडतात तिथं आत रबराची गोल चकती असते. ती वाळली, चिरली की सांध्यातून पाणी गळतं. मी अनवाणी सगळी ओळ चालले, पायाला गारवा लागेल तिथं थांबायचं. तीन सांधे गळत होते. तिन्ही रबरं बदलली. हे ओट्यावर बसून बघत होते.

"व्होल्टेज," हे म्हणाले.

मग फिल्टर. त्यातली जाळी काढून दात घासायच्या जुन्या ब्रशनं चोळली, शेवाळाचं हिरवं पाणी निघालं, मला आशा वाटली. परत मोटर लावली. टोकाचा फवारा थोडा हलल्यासारखा झाला आणि थांबला. त्याला बघून मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. निर्जीव वस्तूवर राग काढणं वेडेपणाचं आहे हे मला कळतं. तरी मी त्या नळीला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

शेवटी सहा फवारे काढून त्यांची तोंडं बंद केली. निम्मे बंद केल्यावर उरलेल्यांनी जोरात पाणी फेकायला पाहिजे, कारण बारांचं पाणी सहांना मिळणार. तेही फेकेनात. इथं कुणीही डोकं लावलं असतं तर कळलं असतं की मुळात पाणीच मागून कमी येतंय, आणि माणूस मुळाशी गेला असता. माझं डोकं मुळाशी गेलं नाही. ते मधेच थांबलं. पाणी विहिरीतून निघतं, माझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे मधे कुणीतरी पितंय.

मधे होते माझे चुलत दीर.

आमची विहीर ओढ्याच्या काठाला आहे आणि तिथून घरापर्यंतची पाइपलाइन त्यांच्या वावराखालून येते. एकत्र होतो तेव्हाची ती लाइन. त्यांच्या वावरात तिला एक जुना वॉल आहे, पाणी तिथंच सोडायची चावी. वाटण्या झाल्यावर तो बंद केला आणि त्यांनी स्वतःची बोअर घेतली. मी तिथं जाऊन बघितलं. वॉलच्या भोवती जमीन ओली होती. मला तेवढं पुरलं.

दीर गोठ्यापुढं कडबा तोडत होते. मी बांधावरूनच सुरू केलं.

"भाऊजी, माझं पाणी कुठं जायलंय ते कळलं मला आज."

"कुठं जायलंय, वहिनी?"

"तुमच्या घशात."

त्यांनी कोयता खाली ठेवला. ती ओल त्यांच्या स्वतःच्या बोअरच्या नळीची होती, ती नळी वॉलजवळून जाते आणि तिथं फुटली आहे, असं त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. आधी लुगडं नेलं, आता पाणी न्यायलेत, सगळ्यांनी मिळून आम्हाला उठवायचं ठरवलंय, असं मी म्हणाले. आणखीही म्हणाले. त्यांच्या मेलेल्या बापालाही मी त्यात ओढलं, ज्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा मोटर चालू करायला शिकवलं होतं.

दीर थांबले. माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "वहिनी, गिरणीवर त्या मावशीला बोललात तसं मलाबी बोलायचं असंल तर बोला, माझी काय हरकत न्हाई. पर आधी एक बादली घिऊन विहिरीवर या."

मी बादली घेऊन गेले. आपलं खरं ठरणार आहे या तावात गेले. त्यांनी विहिरीच्या काठावरच, पाणी त्यांच्या वावरात शिरायच्याही आधी, पाइपाचा सांधा सोडला आणि त्याच्या तोंडाशी बादली धरली. मागच्या वर्षी हीच बादली मी पाच म्हणेपर्यंत भरायची. मला माहीत होतं, कारण याच जागी मी वासरांना पाणी भरत असे. आता मी मोजत राहिले. अठराला बादली भरली.

"हितून माझं वावर अजून वीस पावलं लांब हाय," दीर म्हणाले. "मी पिणार कव्हा?"

ते स्टार्टरच्या पेटीपाशी गेले आणि मला काटा दाखवला. मोटर किती वीज ओढते ते त्या काट्यावर कळतं. काटा नेहमीपेक्षा खाली होता. तो आठ दिवसांपासून खाली होता, मी रोज बघत होते आणि त्याचं मी काहीही केलं नव्हतं.

"व्होल्टेज म्हनावं तर माझी मोटर ह्याच डीपीवर हाय, ती झ्याक चालायलीय. विहिरीत पाणी हाय, ते दिसायलंय. मोटर अडकली असती तर काटा वर गेला असता. काटा खाली हाय म्हंजी मोटर मोकळी फिरायलीय, तिला आत घ्यायला पाणीच मिळंना. खाली कुणीतरी तिचं तोंड दाबलंय."

एवढं नीट बोलणारा माणूस समोर असला आणि आपण त्याला आत्ताच चोर म्हटलेलं असलं की त्याचाही राग येतो. मला आला. मी चुकले असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "मग काढा की वर मोटर."

नवऱ्याला हाक मारली. हे आले, विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "उद्या बघू."

"आज," मी म्हणाले.

आमची मोटर पाणबुडी आहे, विहिरीत पाण्याखाली दोरानं टांगलेली. कप्पी लावली. पुढं दीर, मधे हे, मागं मी. ओला दोर हातातून सरकत होता आणि वजन मोटरपेक्षा जास्त लागत होतं. हळूहळू ती पाण्याच्या वर आली, आणि ती मोटरसारखी दिसतच नव्हती. गाळ आणि शेवाळानं माखलेलं एक काळं गाठोडं वर येत होतं, सुतळीनं घट्ट आवळलेलं, चहूबाजूंनी पाणी गाळत.

काठावर ठेवल्यावर दीर म्हणाले, "दादा, हे काय बांधलंय?"

"ते व्हय," हे म्हणाले. "उन्हाळ्यात गाळ काढला तव्हा बांधलं. गाळ आत जाऊ नये म्हून."

"दादा, मच्छरदाणी बांधतेत. न्हाईतर नायलॉनची पातळ साडी. ह्येच्यातून पाणी जाईल कसं? तीन पदरी गुंडाळलंय. गाळ बसला, वर शेवाळ धरलं, झालं बंद."

आमच्याकडं सगळेच मोटरला काहीतरी गुंडाळतात. त्यात नवीन काही नव्हतं. मी विळा घेतला आणि सुतळी कापायला बसले. बाहेरचा पदर चिखलानं चामड्यासारखा झाला होता, तो सोलून काढला. मधला जरा बरा होता. सगळ्यांत आतल्या पदराला फक्त पाणी लागलेलं होतं. तिथं तांबडा काठ होता.

मी बादलीतलं पाणी त्यावर ओतलं. नको तिथं माणूस सावकाश होतं, तशी मी अंगठ्यानं काठ चोळत चोळत पदरापर्यंत गेले. हिरवा दोरा तिथंच होता. आईचे टाके एकही उसवले नव्हते.

कुणी काही विचारायच्या आधी मी ह्यांना विचारलं, "हे कुठून घेतलंत?"

"ओट्यावर चिंध्याचं गाठोडं व्हतं. वरचं घेतलं. तू लग्नाला गेल्ती."

"आन् सहा महिने मी घरात इरकल, इरकल म्हून कोकलायले, ते ऐकू आलं न्हाई?"

"आलं की. पर मला काय ठाव इरकल कोनतं. मी फडकं घेतलं." मग थांबून, अगदी साधेपणानं, हे म्हणाले, "तू मला इचारलंच न्हाईस कव्हा."

त्या क्षणी माझ्या हातात विळा होता, हे लक्षात आल्यावर मी तो खाली ठेवला. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. पण तो ह्यांच्यावर टिकेना, कारण हे खरं बोलत होते. मी विचारलं नव्हतं. घरात आम्ही दोनच माणसं, आणि गाठोडं एक दिवस त्या दुसऱ्या माणसाजवळ पडून होतं. तरी मला त्याला विचारायचं सुचलं नाही. गाठोडं गरिबाच्या घरी गेलं होतं, तेव्हा चोरी तिथंच झाली असणार, हे मी न विचारता धरून चालले. काटा आठ दिवस खाली दिसत होता तसंच हे. दिसत होतं, आणि मी दुसरीकडं बघत होते.

दीर दोर गुंडाळत होते. त्यांनीही पदर बघितला होता, त्यांना सगळं कळलं होतं. मी म्हणाले, "भाऊजी, चहा घेऊन जा." माझ्या माफीची उडी तेवढीच गेली.

"नको वहिनी, वैरण तशीच पडलीय," ते म्हणाले आणि गेले. त्यांची माफी मी पुढं मागितली, बापाबद्दल बोलले त्याचीही. ते लहान काम नव्हतं, पण इथं ते सांगत बसत नाही.

मोटर धुऊन पुन्हा सोडली. बादली पाचाला भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आल्याबरोबर बाराही फवारे फिरायला लागले, टक टक टक, एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडाशी. कोरड्या पट्ट्या दुपारपर्यंत काळ्या झाल्या. मी ओट्यावर बसले नाही. मला ती टकटक ऐकवेना, मी आत जाऊन दार लावून घेतलं.

लुगडं तीन पाण्यांतून काढलं. चिखल गेला, पण मोटरच्या लोखंडाचा गंज बसला होता तो गेला नाही. मी ते वाळत टाकलं आणि मावशीच्या मुलाचा फोन नंबर मिळवला. टोळी कुठंतरी सांगलीच्या बाजूला होती. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी लागला. मुलानं तिच्याकडं दिला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता आणि एक मूल रडत होतं.

"मावशी, मी आखाड्यावरची. ते लुगडं सापडलं. आमच्याच विहिरीत व्हतं, मोटरला बांधलेलं."

ट्रॅक्टरच्या आवाजात मी फोन कानाशी दाबून धरला.

"माझं चुकलं, मावशी. तुमी नेलं नव्हतं."

"बाई," ती म्हणाली, आणि आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मला कशाला सांगायलात? मी नेलं न्हाई, ते मला ठावंच व्हतं. गिरणीवर सांगा."

मग मुलानं फोन घेतला, गाडी भरायला जायचंय म्हणाला, ठेवला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता गिरणीवर कशाला तमाशा? ती आली की पाडव्याला घरी बोलवू, साडी-चोळी करू, मिटवून टाकू." चांगुलपणानंच म्हणाले. आमच्याकडं असंच मिटवतात. पण माझं डोकं पुन्हा फिरलं. गिरणीवर उभं राहून जिला चोर म्हटलं, तिला आपल्या ओट्यावर बसवून, दार लोटून, साडी द्यायची. साडीच द्यायची वर. मी ह्यांना म्हणाले, "तुमी तुमचं व्होल्टेज बघा." आणि दुसऱ्या दिवशी लुगडं घडी करून दळणाच्या डब्यावर ठेवून निघाले.

गिरणीवर गर्दी होती, उन्हाळ्यात होत्या त्यातल्याच बऱ्याच जणी. या वेळी लाइट होती. गिरणी दणदण चालू होती, पिठाचा धुरळा उडत होता, आणि मी जे काही बोलले ते माझ्याच कानापर्यंत पोचलं नाही. डांबरी रस्त्यापर्यंत जाणारा माझा आवाज. जवळची एक जण फक्त हसली, मी रामराम केला असं समजून.

मी गिरणीवाल्यापाशी गेले. "मोटर बंद करा."

"दळण अर्ध्यात हाय, बाई."

"बंद करा."

माझ्या तोंडाकडं बघून त्यानं बंद केली. पट्टा थांबायला वेळ लागला. मग बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी लुगडं उलगडलं, पदर वर धरला, हिरवा दोरा दाखवला. म्हणाले, हे माझ्या आईचं लुगडं. हे आमच्याच विहिरीत, आमच्याच मोटरला, आमच्या घरच्या माणसानं बांधलेलं होतं. मावशीनं नेलं म्हणून मी इथंच उभी राहून बोलले होते. ते खोटं होतं. ती चोर नाही.

एक जण आपल्या डब्यातलं पीठ हातानं दाबत राहिली. दुसरी म्हणाली, "जाऊ द्या आता, झालं ते झालं." ज्या बाईनं आधीच दिलेली आपली वाकळ नवरात्रात मावशीकडून परत आणली होती, न शिवता, तिनं लुगड्याचा काठ चिमटीत धरून बघितला. आणि मग भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं, अगदी खरंच कळत नाही अशा आवाजात, विचारलं, "मंग तिनं नेलं व्हतं ते काय?"

"काहीच न्हाई," मी म्हणाले. "तिनं कुणाचंच काही नेलं न्हाई."

"आसं कसं," म्हातारी म्हणाली. "कायतरी नेलंच व्हतं की. सगळं गाव म्हनत व्हतं."

गिरणीवाल्याचा हात बटणाकडं गेला.

"बंदच ठेवा," मी म्हणाले. "माझं सांगून झालेलं न्हाई."